तिसरं घंगाळ

ड्राय रन या अमेरिकी खेड्यातल्या चर्चच्या मंडळीत गेल्या साठ वर्षांत कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. हे साफ खोटं होतं. पण दर वर्षी घरोघर जाऊन, दारात टोपी काढून, विचारून खात्री करून घेतलेलं खोटं होतं, म्हणून त्याला वजन होतं.

रीतच तशी होती. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात प्रीतिभोजन असायचं. आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग एकमेकांच्या गालाचा मुका घ्यायचा, मग बीफच्या रश्श्यात भिजवलेला पाव खायचा, आणि शेवटी प्रभूची भाकर मोडायची. पाय धुवायला घंगाळं दोन. एक बायकांच्या टेबलाशी, एक पुरुषांच्या. कमरेला लांब टॉवेल बांधायचा, शेजारच्याचे पाय धुवायचे, टॉवेल त्याला द्यायचा, मग त्यानं त्याच्या शेजारच्याचे धुवायचे. ज्याचं कुणाशी बिनसलं असेल त्यानं आधी मिटवायचं आणि मग बसायचं. मिटलं नाही तर बसायचं नाही, आणि ज्याच्याशी बिनसलंय त्यानंही नाही. म्हणून भोजनाच्या आधी दोन डीकन, म्हणजे मंडळीनं नेमलेले सेवक, प्रत्येक घरी जात आणि दोनच प्रश्न विचारत. विश्वासात आहात ना? सगळ्या भावाबहिणींशी शांती आहे ना?

दोन्हींचं उत्तर "हो" असायचं. चहा कसाय विचारलं तर "छान" म्हणतात, तसं.

ते दोन डीकन म्हणजे लिओटा गार्बर आणि हार्लन शँक. लिओटा सदुसष्ट वर्षांची विधवा, भोजनाचं बीफ तीच शिजवायची. हार्लन टर्की पक्षी पाळायचा. त्याच्या लांबलचक खुराड्यांचा वास वारा फिरला की चर्चपर्यंत यायचा, पण तो देणगीही मोठी द्यायचा, त्यामुळं वासाबद्दल कुणी बोलत नसे. दोघं त्याच्या पिकअपमधून फिरायचे.

यंदाही निघाले. पहिल्यांदा व्हर्जिल कपकडं. व्हर्जिल आणि त्याचा सख्खा भाऊ ड्वाइट यांच्या शेतांमध्ये एक कुंपण होतं. बाप मेल्यापासून दोघं त्या कुंपणाशी बोलायचे, एकमेकांशी नाही.

"सगळ्यांशी शांती आहे ना, व्हर्जिलभाऊ?" हार्लननं विचारलं.

"शांतीच शांती," व्हर्जिल म्हणाला. "तो तिकडं, मी इकडं."

ड्वाइटनंही तेच सांगितलं, फक्त बोट उलट्या दिशेला दाखवलं.

मग पियानो वाजवणारी नेडीन हफमन. तिनं सफरचंदाचा केक कापला, शांती आहे म्हणाली, आणि मान जरा तिरकी करून लिओटाकडं वळली. "आणि ताई, तुमच्या मुलीचं... म्हणजे त्या... काय म्हणतात ते... बरंय ना?"

"मेरिट बरं आहे," लिओटा म्हणाली.

"आम्ही प्रार्थनेत ठेवलंय हं."

लिओटानं केक खाल्ला. प्रार्थनेत ठेवणं म्हणजे फ्रीजरमध्ये ठेवणं. नासत नाही, आणि बाहेरही काढावं लागत नाही.

मेरिट तिचं एकुलतं एक पोर. वय एकतीस. नाताळाच्या आधीच्या एका रविवारी, उपासनेत आनंद आणि चिंता सांगायची वेळ असते तेव्हा, ते उभं राहिलं आणि म्हणालं, "मी बाई नाही, आणि पुरुषही नाही. दोन्ही अंगरखे घालून बघितले, दोन्ही दुसऱ्याचे निघाले. देवावर माझा राग नाही. इथून पुढं मला मेरिट म्हणा." आणि खाली बसलं. मग पुढच्या बाकावरची एक बाई उठली आणि तिनं नवऱ्याच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना मागितली. ती सगळ्यांनी फार मन लावून केली. इतकं मन लावून खुबा ड्राय रनमध्ये कुणाचा सांभाळला गेला नसेल.

लिओटाला सगळं कळलं होतं असं नाही. माणूस दोन्हींपैकी काहीच नसतं म्हणजे काय, हे ती भांडी घासताना खूपदा उलटून पालटून बघायची आणि परत ठेवून द्यायची. पण कळणं ही अट तिनं कशालाच घातली नव्हती. पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्यही तिला कळत नव्हतं, आणि त्यावर तिचा जन्मभर विश्वास होता.

सगळ्यात शेवटी ते मेरिटकडं गेले. मेरिट टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचं, आणि टर्कीच्या खुराड्यांतले मोठे पंखे दुरुस्त करायचं. मागच्या ऑगस्टमध्ये हार्लनचे पंखे बंद पडले तेव्हा मेरिटनं भर उन्हात पत्र्यावर चढून ते चालू केले होते, नाहीतर अख्खं खुराडं उकडून मेलं असतं. हार्लन ते विसरला नव्हता. म्हणून तो आज दारातच उभा राहिला, आत आला नाही.

"विश्वासात आहेस ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

"सगळ्यांशी शांती?"

"आहे."

"सगळ्यांशी?" हार्लननं परत विचारलं. हे रीतीत नव्हतं.

"तुमच्याशीसुद्धा, हार्लनभाऊ. त्याला वेळ लागला जरा. पण आहे."

हार्लननं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"आता माझा एक प्रश्न," मेरिट म्हणालं. "गुरुवारी मी बसू कुठं?"

"घंगाळं दोनच आहेत."

"माहितीये."

"एक बायकांचं, एक पुरुषांचं. जुनं आहे ते. मी नाही बनवलं."

"पण कुठंही बसायचं म्हणजे मी ते आहे असं म्हणायचं. पाय धुताना खोटं बोलू?"

"मग यंदा बाकावर बस. बघ नुसतं."

मेरिट हसलं. आईकडं बघून म्हणालं, "बघायला पाहुणे येतात, आई. मला बाकावर बसवलं तर मी पाहुणं झालो... झालं असं समजेन. पाहुणे एकदाच येतात."

लिओटाला याचा अर्थ नीट कळला. पोर चर्च सोडणार होतं. रागानं नाही, रागानं गेलेलं माणूस परत येतं. हे शांतपणानं जाणार होतं.

पिकअपमध्ये बसल्यावर शेवटचं काम उरलं. डीकननी एकमेकांना विचारायचं. दर वर्षी ते चालत्या गाडीत उरकायचे. हार्लननं किल्ली फिरवता फिरवता विचारलं, "विश्वासात आहात ना, लिओटाताई?"

"आहे."

"सगळ्यांशी शांती आहे ना?"

"नाही."

गाडी सुरू झाली होती. हार्लननं ती बंद केली.

"काय म्हणालात?"

"नाही म्हणाले."

"कुणाशी?"

"तुमच्याशी."

"ताई, असं म्हणत नसतात."

"मग विचारता कशाला?"

हार्लननं काचेतून टायरच्या ढिगाकडं बघितलं. "माझ्याशी काय वाकडं आहे तुमचं? मी कधी वाईट बोललो? कधी आवाज चढवला?"

"आवाज चढवला असता तर मिटलं असतं," लिओटा म्हणाली. "माझं पोर तुमच्या टर्कींच्या घरात चालतं, देवाच्या घरात चालत नाही. हे तुम्ही गोड आवाजात सांगता. म्हणून नाही."

"मला हे मंडळीला सांगावं लागेल."

"सांगा. मी काय कानात सांगितलंय?"

रविवारी उपासनेनंतर मंडळी बसली. मेरिट एका खुराड्याच्या कामावर गेलं होतं. ज्याच्याबद्दल बोलायचं ते समोर नसलं की ड्राय रनला तोंड फुटतं. हार्लननं उभं राहून जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द वाढवला नाही, एक खाल्ला नाही. हार्लनबद्दल वाईट बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण खोटं बोलायचं त्याला जमत नसे. मग म्हणाला, "देवानं नर केला आणि नारी केली. मी काही शोध लावलेला नाही. तिसरं काही मला बायबलात सापडत नाही."

लिओटा बसल्या जागेवरून बोलली. "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्या रात्री बारा जण बसले होते. सगळे बाप्ये. मग आपल्यात बायकांचं घंगाळ कुणी आणलं?"

शेवटी हार्लन म्हणाला, "आजोबा-पणजोबांच्या काळात आलं असेल."

"म्हणजे घंगाळ वाढवता येतं."

"अगदी बरोबर!" पाळकबाई ब्रिन एकदम उठल्या. त्या तरुण होत्या, शिकलेल्या होत्या, आणि त्यांना सगळे हवे होते. "मी हेच सुचवणार होते. तिसरं घंगाळ. भिंतीजवळ, छान जागेत. ज्यांना कुठल्याच टेबलावर बसायचं नाही त्यांच्यासाठी. मोकळं टेबल!"

सगळ्यांना हायसं वाटलं. ड्राय रनमध्ये सगळ्यांना एकदम हायसं वाटलं की समजायचं, कुणालातरी पुरलं.

"त्या टेबलावर मेरिटशिवाय कोण बसणार?" लिओटानं विचारलं.

पाळकबाईंनी सगळ्यांकडं हसून बघितलं. सगळ्यांनी पाळकबाईंकडं हसून बघितलं.

"एकट्यानं पाय धुवायचे तर चर्चमध्ये कशाला यायचं?" लिओटा म्हणाली. "घरी नळ आहे की."

पण ठराव झाला. लिओटाचं मत विचारात घेतलं आणि बाजूला ठेवलं. नेडीननं सुचवलं की त्या टेबलावर एक फुलदाणीही ठेवूया. तेही पास झालं.

"तर मग ताई," पाळकबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "आता तुमचं 'हो' समजू ना?"

"नाही."

"ताई, एक पाऊल विश्वासानं..."

"मी खोटं बोलू का, एवढंच सांगा. तुम्ही पाळक आहात. बोल म्हणालात तर बोलेन."

पाळकबाई बोल म्हणू शकल्या नाहीत. तेवढ्यात मागून व्हर्जिल कप उठला. डोकं खाजवत म्हणाला, "मला एक विचारायचंय. 'नाही' म्हणता येतं?"

"येतं," हार्लन म्हणाला. "नियमात आहे."

"हे कुणी सांगितलं नाही मला कधी. मग माझंही नाही लिहा."

"माझंही," कुंपणापलीकडचा ड्वाइट दुसऱ्या कोपऱ्यातून म्हणाला. बाप मेल्यापासून दोघा भावांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

मग बांध फुटला. नेडीनची शांती अख्ख्या गायकवृंदाशी नव्हती, आणि गायकवृंदाची नेडीनशी. एकीची सुनेशी नव्हती. एकाची खुब्याच्या ऑपरेशनवाल्याशी नव्हती, त्यानं नेलेला नांगर परत दिला नाही म्हणून. लोक लाजत लाजत उठत होते, आणि बोलून झालं की चेहरे असे दिसत होते, जणू घट्ट बूट काढून ठेवलेत. शेवटी पाळकबाई स्वतःच म्हणाल्या, "माझंही. दोन-तीन घरांशी." आणि रडल्या.

आता सगळे हार्लनकडं बघायला लागले. भोजन रद्द करावं, पुढच्या वर्षी बघू, असं कुणीतरी पुटपुटलं.

"नाही," हार्लन म्हणाला. "नियम आहे. ज्यांची शांती नाही ते बसणार नाहीत. ज्यांची आहे त्यांचं भोजन होईल. लिओटाताईंचं माझ्याशी वाकडं आहे, म्हणजे त्याही नाहीत आणि मीही नाही." पुढचं वाक्य त्याच्या घशात टर्कीच्या हाडासारखं अडकलं होतं, पण त्यानं ते काढलं. "मेरिटनं शांती आहे म्हणून सांगितलंय. मी स्वतः ऐकलंय. मेरिट बसेल."

बरेच लोक नियमाच्या मागं लपतात. हा माणूस नियमाच्या खाली सापडला होता, आणि ओरडत नव्हता.

त्या संध्याकाळी लिओटानं मेरिटला फोन करून सगळं सांगितलं, फुलदाणीसकट.

"येईन," मेरिट म्हणालं. "त्या खुर्चीवर बसेन. पाय सुके घेऊनच उठावं लागलं तर तसंच उठेन, आई. पण मग परत नाही."

"मला तिथं येता येणार नाही," लिओटा म्हणाली. "माझं 'नाही' आहे."

"माझ्यासाठी 'हो' म्हणू नकोस हां."

"म्हणत नाहीये."

गुरुवारी लिओटानं दुपारपासून बीफ शिजवलं. बसता येत नव्हतं, पण शिजवायला बंदी नव्हती. हार्लनही स्वयंपाकघरात आला. पाणी तापवायला आणि पातेली उचलायला दर वर्षी तोच असायचा. दोघं पातेल्याच्या दोन बाजूंना उभे राहून कामापुरतं बोलत होते. झाकण द्या. बाजूला व्हा. मीठ कुठंय.

स्वयंपाकघर आणि तळघर यांच्यात एक मोठी खिडकी होती, वाढण्यासाठी. तिथून सगळं दिसत होतं. बायकांच्या टेबलावर पाच-सहा म्हाताऱ्या येऊन बसल्या, ज्यांचे भांडायचे सगळे लोक आधीच मेले होते. भिंतीजवळ तिसरं घंगाळ, एक खुर्ची, फुलदाणी, आणि मेरिट. मेरिटनं बूट काढून खुर्चीखाली नीट ठेवले होते. आणि पुरुषांच्या लांबलचक टेबलावर, चाळीस माणसांच्या जागेत, एकटे एल्विन शँक. हार्लनचे वडील, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, कानानं अर्धे. त्यांचं खरोखरच कुणाशी वाकडं नव्हतं, कारण कुणी काय बोललं ते त्यांना ऐकूच जायचं नाही.

बायकांनी सुरुवात केली. पाणी वाजायला लागलं. एल्विननी मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, आणि शेजारच्याची वाट बघितली. शेजारी कुणी नव्हतं.

"बाकीचे कुठं मेले?" ते मोठ्यानं म्हणाले.

हार्लनच्या हातातलं फडकं थांबलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. नियम नीट पाळला होता, आणि नियमानं त्याच्या बापाला अनवाणी एकटा बसवला होता.

"मी काय माझे मीच धुवू?" एल्विन म्हणाले. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आणि त्यांना भिंतीजवळचं मेरिट दिसलं. दुसरे एकटे पाय. "ए! तूही एकटंच?"

"हो, एल्विनकाका."

"तुझंही सगळं टेबल मेलं?"

"माझं टेबल एवढंच आहे."

"काय?"

"एवढंच आहे!" मेरिट ओरडलं.

एल्विननी वॉकर ओढला आणि निघाले. मधली मोकळी जागा त्यांनी अनवाणी पार केली. वॉकरचा टक टक आवाज सोडला तर काही नाही. बायकांचं टेबल थांबून बघत होतं. लिओटानं ओगराळं घट्ट धरलं होतं.

मेरिटनं त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, टॉवेल कमरेला बांधला, खाली बसून त्यांचे पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतून पाणी घातलं, पुसले. मग एल्विननी हात पुढं केला. "आण तो टॉवेल."

"काका, राहू द्या. तुमचे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्याकडं. आण."

ते खुर्ची धरून खाली उतरले. त्याला किती वेळ लागला! मग मेरिटचा पाय त्यांनी हातात घेतला आणि पाण्यात ठेवला. "लिओटाचं पोर ना तू? बर्फासारखे पाय आहेत. बापाचेही असेच होते." आणि दोन्ही पाय धुतले, घाईनं नाही आणि नाटकानंही नाही, जसे आयुष्यभर कुणाकुणाचे धुतले तसेच. मग उठायला गेले, आणि उठता येईना.

हार्लन दाराकडं झेपावला आणि उंबऱ्यावर थांबला.

"जा की," लिओटा म्हणाली. "धरा त्यांना."

"मला नाही जाता येत तिकडं. तुमच्यामुळं."

"मग मिटवा माझ्याशी. आत्ता. एकच विचारते. तुमच्या वडलांनी आत्ता केलं ते बरोबर की चूक?"

हार्लन बघत राहिला. तिकडं मेरिटनं म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून, पंख्याची मोटार उचलावी तसं, त्यांना एका दमात उभं केलं. एल्विननी मेरिटचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि रीतीप्रमाणं गालाचा मुका घेतला. "साठ वर्षं दाढ्यांचे मुके घेतले," ते अख्ख्या तळघराला ऐकू जाईल असं म्हणाले. "हे बरं आहे."

बायकांच्या टेबलावरची एक म्हातारी हसली. मग त्या सगळ्याच सरकल्या, आणि तिनं आपल्या शेजारच्या दोन खुर्च्या हातानं थोपटल्या. मेरिटनं एल्विनना तिकडं नेलं. दोघं बसली. तिसरं घंगाळ भिंतीपाशी राहिलं, आत गढूळ पाणी घेऊन.

"चूक," उंबऱ्यावरून हार्लन लिओटाला म्हणाला. आवाज फाटला होता, पण म्हणाला.

लिओटानं मान हलवली. "मग माझंही अजून नाही."

"ठीक आहे."

"वाडगे द्या इकडं."

वाढायला बंदी नव्हती. ती रस्सा ओतत होती, तो खिडकीतून देत होता. वडलांचा वाडगा त्यानं दिला. मेरिटचा दिला, तेव्हा मेरिट म्हणालं, "थँक्यू, हार्लनभाऊ."

"गरम आहे," हार्लन म्हणाला.

तिकडं भाकर मोडली गेली, आणि त्या थोड्या माणसांनी गाणं म्हटलं. एल्विन एक ओळ मागं होते, आणि मेरिट मुद्दाम त्यांच्याबरोबर मागं राहिलं होतं. लिओटा खिडकीच्या कडेवर कोपर टेकून ऐकत होती. डोळे पुसायला हाताशी फडकं होतं, ते हार्लननं घेतलं, म्हणून तिनं ॲप्रनला पुसले.

नंतर पातेल्यात उरलेलं बीफ दोघांनी उभ्यानंच खाल्लं, तो त्या बाजूनं, ती या बाजूनं. ते काही प्रीतिभोजन नव्हतं. मीठ कमी झालंय, असं हार्लन म्हणाला. लिओटा म्हणाली, नाही झालेलं.